भाव आहे, गिऱ्हाईक नाही : मॉरिशसच्या शेअर बाजाराची तरलता कशी मोजायची?

आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे, पण तो माझ्याकडे पुस्तकातून आलेला नाही. घरातून आला. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

माझी आत्या महाराष्ट्राबाहेरच्या एका शहरात राहायची. आतोबा गेले तेव्हा त्यांच्या मागे एका स्थानिक कंपनीचे चारशे शेअर राहिले. नव्वदचं दशक, कागदी सर्टिफिकेटांचा काळ. आत्या रोज सकाळी वर्तमानपत्रातलं भावांचं पान काढायची आणि बोटाने ती ओळ शोधायची. बेचाळीस रुपये. दुसऱ्या आठवड्यात बेचाळीस. अकरा आठवडे बेचाळीस. ती मला म्हणाली, "बघ, जरासुद्धा हलत नाही. बँकेसारखा आहे." घरच्या डायरीत तिने लिहून ठेवलं होतं : ४०० शेअर, १६,८०० रुपये.

मग गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि शेअर विकायची वेळ आली. दलालाने सर्टिफिकेटं पाहिली, हातात परत दिली आणि म्हणाला, "काकू, भाव आहे, गिऱ्हाईक नाही." जवळजवळ चार महिन्यांनी ते शेअर गेले, २९ रुपयांना. १६,८००चे ११,६०० झाले. बेचाळीसचा भाव खोटा नव्हता, कोणी फसवलंही नव्हतं. एवढंच, की तो भाव अकरा आठवड्यांपूर्वी झालेल्या एका सौद्याचा होता. त्यानंतर कोणी काही विकत घेतलंच नव्हतं, म्हणून तो हलला नव्हता.

याला अर्थशास्त्रात तरलता म्हणतात, बाजारात सगळे लिक्विडिटीच म्हणतात. एखादी वस्तू लवकर आणि नुकसान न सोसता रोख पैशात बदलता येते का, हा प्रश्न. जॉन मेनार्ड केन्सने १९३०च्या आपल्या पैशावरच्या ग्रंथात जवळजवळ याच दोन गोष्टी सांगितल्या होत्या : थोड्या वेळात, आणि तोट्याशिवाय. यातली एक गाळली की व्याख्या कोसळते. तोटा सोसला तर काहीही लवकर विकता येतं, आणि थांबायची तयारी असेल तर बहुतेक वस्तूंना कधी ना कधी चांगला भाव मिळतो. आत्याला वेळही गेला आणि पैसाही.

आता प्रश्न असा, की हे मोजायचं कसं? मोठ्या बाजारात उत्तर त्यातल्या त्यात सोपं आहे. छोट्या देशातल्या छोट्या बाजारात मात्र मोजपट्टीच वाकते. ती कशी वाकते ते दाखवण्यासाठी मी आज तुम्हाला मॉरिशसला नेणार आहे.

मॉरिशसच का? एक तर तो बाजार नेमका आपल्या डोळ्यांसमोर जन्मला, त्यामुळे त्याची पहिल्या दिवसापासूनची वाटचाल दिसते. आणि दुसरं, तिथे आपली माणसं आहेत. १८३४पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर त्या बेटावर उसाच्या मळ्यांसाठी नेले गेले. कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरातूनही जहाजं सुटायची, आणि त्यांत रत्नागिरीकडची, कोकणातली कुटुंबं होती. त्यांचे वंशज आज तिथे मराठी म्हणून ओळखले जातात, शाळेत मराठी शिकतात, गणपती बसवतात. पोर्ट लुईच्या धक्क्यावर ज्या पायऱ्या चढून हे मजूर बेटावर आले, तो आप्रवासी घाट २००६पासून जागतिक वारसा यादीत आहे. शेअर बाजाराच्या गोष्टीत हे मजूर पुन्हा येणार आहेत, म्हणून आत्ता सांगून ठेवलं.

बृहन्मुंबईच्या साधारण तिप्पट आकाराचं बेट. १९६८ साली स्वतंत्र झालं तेव्हा जवळपास सगळी अर्थव्यवस्था उसावर उभी होती. पुढे नोबेल मिळवलेले जेम्स मीड यांनी १९६१च्या अहवालात या बेटाच्या भवितव्याचं फार काळजीचं चित्र रंगवलं होतं. ते खरं ठरलं नाही. १९७०पासून निर्यातीसाठीचे कारखाने आले, कपड्यांचा धंदा वाढला, पर्यटन वाढलं. आणि १९८८च्या कायद्याने शेअर बाजाराची तयारी झाली.

५ जुलै १९८९. पोर्ट लुईमध्ये मॉरिशसचा शेअर बाजार उघडला. नोंदलेल्या कंपन्या किती? पाच. सगळ्यांची मिळून बाजारकिंमत ९ कोटी डॉलरच्या जरा वर. आणि बाजार भरायचा कधी? आठवड्यातून एकदा.

हसू नका. हा आठवडी बाजार होता, आणि आठवडी बाजार का भरतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तालुक्याच्या गावात बैल विकणारे चार आणि घेणारे पाच असतील, तर त्यांनी आपापल्या सोयीने रोज येऊन काय उपयोग? सोमवारी विकणारा आला, घेणारा गुरुवारी आला, दोघंही हात हलवत परत. म्हणून गाव एक वार ठरवतं. थोडीशी माणसं एका वेळी एका जागी आणायची, म्हणजे भाव ठरतो. पोर्ट लुईत दलाल एकत्र जमून तोंडी बोली लावत, मागणी-पुरवठा जुळवत. छोट्या बाजारासाठी ही युक्ती मागासलेली नव्हती, शहाणपणाची होती असं माझं मत आहे.

पण पाहुण्यांना ती मागास वाटली. परदेशी फंडांना रोज भाव हवा असतो, कारण त्यांना रोज आपल्या गुंतवणुकीची किंमत छापायची असते. १९९४ साली परदेशी गुंतवणूकदारांना दार उघडलं गेलं. बाजाराचे दिवस वाढत गेले. १९९७च्या सुरुवातीला मध्यवर्ती डिपॉझिटरी आली, कागदी सर्टिफिकेटांची ने-आण कमी झाली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपासून रोज व्यवहार सुरू झाले. २००१मध्ये संगणकावरची व्यवहारप्रणाली आली. म्हणजे बारा वर्षांत आठवडी बाजाराची पेठ झाली.

आता इथे मोजणाऱ्याची खरी पंचाईत सुरू होते.

तरलता मोजायची सर्वांत जुनी, सर्वांत सोपी पद्धत म्हणजे उलाढालीचं प्रमाण. वर्षभरात जेवढ्या रकमेचे शेअर हात बदलले, त्याला बाजाराच्या एकूण किमतीने भागायचं. मॉरिशसमध्ये हे प्रमाण बहुतेक वर्षी एक आकडी टक्क्यात राहिलं. पाच टक्के धरलं, तर सगळे शेअर एकदा हात बदलायला सरासरी वीस वर्षं लागतील. मुंबईच्या बाजाराची सवय असलेल्या माणसाला हे ऐकून चक्कर येईल.

पण हा आकडाही जसाच्या तसा घेऊ नका. साखर कंपन्यांचे बरेच शेअर मोजक्या, मुख्यतः फ्रेंच वंशाच्या कुटुंबांच्या हातात, एकावर एक रचलेल्या होल्डिंग कंपन्यांमार्फत. ते विकायला कधी निघतच नाहीत. राष्ट्रीय पेन्शन फंडासारख्या संस्था घेतात आणि धरून ठेवतात. म्हणजे भागाकाराच्या खालच्या आकड्यात असे शेअर आहेत जे बाजारात येणारच नाहीत. आणि वरच्या आकड्यात? समजा, एका कुटुंबाच्या दोन कंपन्यांनी आपसात एक मोठा गठ्ठा बदलला. वर्षाची उलाढाल एका दिवसात फुगली. सामान्य माणसाला त्या दिवशी शंभर शेअर विकणं काही सोपं झालं का? अजिबात नाही. उलाढाल सांगते किती विकलं गेलं. जे विकायला आले आणि परत गेले, ते त्यात नसतात. माझी आत्या चार महिने उलाढालीत नव्हती.

दुसरी पद्धत जास्त अचूक. एका क्षणी सर्वांत जास्त बोली लावणारा घेणारा कोणता भाव देतोय आणि सर्वांत कमी मागणारा विकणारा किती मागतोय, या दोन्हींतला फरक बघायचा. याला स्प्रेड म्हणतात. हॅरॉल्ड डेमसेट्झ यांनी १९६८ साली न्यूयॉर्कच्या बाजारावर लिहिताना हा फरक म्हणजे घाईची किंमत आहे असं मांडलं. ताबडतोब सौदा हवा असेल तर एवढे मोजा. याच्याही पुढे जाऊन आपल्याकडच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने निफ्टीसाठी कंपन्या निवडताना इम्पॅक्ट कॉस्टची अट घातली. ठरावीक मोठी ऑर्डर टाकली तर भाव किती सरकतो, तो अर्ध्या टक्क्याच्या आत राहिला पाहिजे. उत्तम माप आहे. पण ते शक्य झालं, कारण त्या बाजारात सगळ्या ऑर्डर पहिल्यापासून संगणकात नोंदल्या जात होत्या.

पोर्ट लुईत २००१पर्यंत तशी नोंदच नव्हती. तोंडी बोली हवेत विरते. मागे उरतो फक्त शेवटचा भाव आणि शेअरची संख्या. इतिहासाचा विद्यार्थी जे सांगतो तेच इथे लागू पडतं : आपण काय मोजू शकतो ते आधीच्या कारकुनाने काय लिहून ठेवलं यावर ठरतं.

मग संशोधकांनी उलटं डोकं चालवलं. फक्त भाव आहेत ना? मग भावांमधूनच स्प्रेड ओळखू. रिचर्ड रोल यांनी १९८४ साली एक सुंदर कल्पना मांडली. कंपनीबद्दल नवी बातमी नसेल, तर सौदा कधी घेणाऱ्याच्या भावाला होतो, कधी विकणाऱ्याच्या. भाव दोन भिंतींमध्ये चेंडूसारखा उसळतो. आज वर, उद्या खाली. त्या उसळीच्या मापावरून दोन भिंतींमधलं अंतर काढता येतं. गणितात त्यासाठी लागोपाठच्या दोन बदलांमधला संबंध उणे असावा लागतो, आणि मग त्याचं वर्गमूळ घ्यायचं.

मॉरिशससारख्या बाजारात काय होतं? भाव उसळत नाही, रांगतो. बातमी सोमवारी आली, पण शेअरचा सौदा गुरुवारी झाला, मग पुढच्या मंगळवारी. बातमी भावात तुकड्या-तुकड्यांनी शिरते, त्यामुळे लागोपाठचे बदल एकाच दिशेने जातात. संबंध उणेऐवजी अधिक निघतो. वर्गमूळाच्या आत चुकीचं चिन्ह येतं आणि गणित उत्तरच देत नाही. जिथे तरलता सर्वांत कमी, तिथेच माप बंद पडतं.

२००२ साली याकोव अमिहुद यांचं माप आलं आणि आज तेच सर्वांत जास्त वापरलं जातं. दिवसभरात भाव किती टक्के हलला, त्याला त्या दिवशीच्या उलाढालीच्या रकमेने भागा. थोड्याशा पैशात भाव खूप हलला तर बाजार उथळ आहे. पाण्यात खडा टाकून खोली बघण्यासारखं. फक्त भाव आणि उलाढाल लागते, म्हणून गरीब देशांच्या नोंदींवरही चालतं असा बोलबाला झाला. पण ज्या दिवशी सौदाच झाला नाही त्या दिवशी भागाकार शून्याने करावा लागेल. तो करता येत नाही, म्हणून तो दिवस हिशेबातून वगळतात. म्हणजे बघा : बाजार पूर्ण कोरडा असलेले दिवस आपण बाजूला काढतो आणि पाणी असलेल्या दिवसांची सरासरी काढून सांगतो की विहीर इतकी खोल आहे. महिन्यातले अठरा दिवस न विकला गेलेला शेअर, दोन दिवस नीट विकला गेला, तर या मापात अगदी गुणी दिसू शकतो.

ही खोड ओळखून त्याच्या उलट्या टोकाने विचार करणारी पद्धत १९९९ साली आली होती. डेव्हिड लेझमंड, जोसेफ ओग्डेन आणि चार्ल्स ट्रझिंका या तिघांची. भाव न हललेले दिवसच मोजा, असं त्यांनी सांगितलं. तर्क असा, की ज्याला काही नवं कळलंय तो तेव्हाच सौदा करेल, जेव्हा त्यातून मिळणारा फायदा सौद्याच्या खर्चापेक्षा जास्त असेल. खर्च भारी असेल तर तो घरी बसेल आणि भाव जागचा हलणार नाही. म्हणून शून्य बदलाचे दिवस जितके जास्त, तितका बाजार महाग. पुढे गीर्ट बेकार्ट, कॅम्पबेल हार्वे आणि ख्रिश्चन लुंडब्लाड यांनी २००७ साली उगवत्या बाजारांसाठी हेच माप वापरलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वर्तमानपत्रातल्या ओळीवरचं आत्याचं बोट आठवलं. तिला जे स्थैर्य वाटत होतं, ते या तिघांच्या हिशेबात तोट्याचं माप होतं. बेचाळीस, बेचाळीस, बेचाळीस.

पण मॉरिशसमध्ये यालाही एक गाठ पडते. आठवडी बाजार होता तेव्हा आठवड्याची मागणी एका दिवसात एकवटायची. १९९७च्या अखेरीस तीच मागणी पाच दिवसांत विखुरली. समजा, एका कंपनीत आठवड्याला एकच सौदा होतो. आठवडी पद्धतीत शून्य दिवस कमी भरतील, रोजच्या पद्धतीत पाचांतले चार. आकडे सांगतील की तरलता ढासळली. खरं तर विकणाऱ्याला आता पाच दारं उघडी आहेत. की उलट खरं आहे, पाच दारांमुळे घेणारा आणि विकणारा एकमेकांना चुकतायत? दोन्ही शक्य आहे, आणि नुसत्या शून्यांवरून ते सांगता येत नाही. म्हणून १९९७च्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे एका ओळीत मांडणारा तक्ता दिसला की मी जरा सावध होते.

हा सगळा खटाटोप प्राध्यापकांच्या कामाचा आहे, आपल्याला काय, असं वाटत असेल तर निर्देशांकाकडे बघा. मॉरिशसचा सेमडेक्स, ५ जुलै १९८९ला शंभरवर सुरू झाला. निर्देशांक काढताना ज्या शेअरचा आज सौदा झाला नाही, त्याचा शेवटचा जुना भाव धरतात. म्हणजे निर्देशांकात काही भाव आजचे, काही परवाचे, काही गेल्या पंधरवड्यातले. शिळे आणि ताजे एका ताटात. एल्रॉय डिमसन यांनी १९७९मध्येच दाखवलं होतं, की क्वचित विकल्या जाणाऱ्या शेअरची जोखीम अशा भावांवरून काढली तर ती आहे त्यापेक्षा कमी दिसते. मग लंडनमधला एखादा फंड मॅनेजर तक्ता बघतो आणि म्हणतो, वा, जगातले बाजार हलले तरी हे बेट शांत राहतं, इथे पैसे ठेवले तर जोखीम विभागेल. त्या शांततेचा काही भाग खरा असतो. उरलेला भाग म्हणजे आत्याचे बेचाळीस रुपये.

२००८मध्ये ते कळलं. परदेशी पैसा एकदम दाराकडे निघाला आणि सेमडेक्स त्या वर्षात एक तृतीयांशाहून जास्त घसरला. अल्बर्ट काइल यांनी १९८५ साली तरलतेचे तीन पैलू सांगितले होते : स्प्रेड किती अरुंद, बाजार किती खोल, आणि धक्का बसल्यावर भाव किती लवकर सावरतो. तिसरा पैलू शांत वर्षांच्या आकड्यांत दिसत नाही. सगळ्यांना एकाच वेळी बाहेर पडायचं असतं तेव्हाच दिसतो.

आता ते मजूर. १९९४ साली, साखर धंद्यात, शुगर इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट उभा राहिला. साखर कारखान्यांच्या भांडवलातला वीस टक्के हिस्सा त्याच्याकडे आला, आणि ट्रस्टचे भागधारक होते साखर धंद्यातले कामगार आणि छोटे ऊस उत्पादक. हजारोंच्या संख्येने. ज्यांचे पणजोबा करारावर अंगठा उठवून त्या मळ्यात उतरले, ते कागदावर त्याच मळ्याच्या कारखान्याचे मालक झाले. मला ही घटना फार मोठी वाटते, तिच्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही याचं आश्चर्यही वाटतं.

पण मालकी आणि रोकड यांत अंतर असतं. दरवर्षी लाभांश येतो तोवर हे अंतर जाणवत नाही. मुलीचं लग्न, परदेशातलं शिक्षण, दवाखाना आला की जाणवतं. मोठ्या कुटुंबाला पातळ बाजाराचा त्रास नाही, कारण त्याला विकायचंच नसतं, आणि विकायचंच झालं तर तो संपूर्ण गठ्ठा एका खोलीत बसून विकतो, वर नियंत्रणाची वेगळी किंमत घेतो. पातळ बाजाराची किंमत भरतो तो थोडे शेअर असलेला आणि थांबायला वेळ नसलेला माणूस. आणि त्याने भरलेली किंमत उलाढालीत नाही, अमिहुदच्या मापात नाही, शून्य दिवसांतही अर्धवटच आहे.

म्हणून मला विचाराल, तर छोट्या देशाच्या बाजाराने एक साधी गोष्ट नोंदवावी. विकायची ऑर्डर कधी आली, ती कधी पूर्ण झाली, आणि ऑर्डर आली त्या दिवशीच्या छापील भावापेक्षा किती कमी मिळाले. न विकता परत गेलेल्या ऑर्डरसुद्धा धरायच्या. संगणक आल्यापासून ही नोंद बाजाराकडे असतेच, ती फक्त काढून छापायची आहे. आत्याच्या बाबतीत ती अशी होईल : जवळजवळ चार महिने, एकतीस टक्के. तिच्या डायरीत १६,८०० खोडून खाली ११,६०० लिहिलेलं आहे, दोन्हींच्या बाजूला तारखा आहेत. शाई वेगळी आहे.

पुढच्या भागात उलटी गोष्ट. कुवेतचा सूक अल-मनाख, १९८२. तिथे गिऱ्हाइकांची रांग लागली होती, तरलता ओसंडून वाहत होती, आणि सगळे सौदे पुढच्या तारखेच्या चेकवर चालले होते. भेटूया.